झाडाचं नाव झाडाखाली

लॉरेल ओढा, केंटकीचे डोंगर
९ ऑक्टोबर १८९३

चि. जेथ्रो,

तुला एक आजी आहे. ओर्लेना स्टिडम तिचं नाव. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहते, उंचीने बेताची, तोंडाने जरा जास्त. एवढ्या खुणा पुरेत ना? डब्यातले पीच पाठवतो म्हणून घोड्यावर बसलास, त्याला उन्हाळा उलटून गेला. वकिलाच्या हाताखाली बसलं की डोकं भरतं म्हणतात. भरताना आधीचं सगळं सांडतं, हे कुणी बोललं नव्हतं.

पीच मला नकोत. डब्यातलं फळ म्हणजे मढं. पण तुझ्या बेरीकाकाचा जीव त्यात. तो तिकडे डोंगरापलीकडे लाकूडतोड्यांच्या तळावर असतो, रविवारी येतो आणि आधी फळीवर हात घालतो. माझा लेक, चाळिशी उलटलेला बाप्या, सुरीने डबा फोडून उभ्याउभ्या रस पितो आणि मिशा पुसत माझ्याकडे बघतो. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा तुला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा हाच. तेवढ्यासाठी तरी दोन डबे पाठव.

हे पत्र व्हेस्टाबाई लिहिते आहे, आपल्या पाद्र्याची बायको. मी बोलायचं, तिने लिहायचं, जाताना अंडी न्यायची. माझ्या कोंबड्यांना तुझी आठवण महाग पडते, असं मी आत्ताच म्हटलं, तर बघ, तिने तेही लिहून टाकलं.

आता मूळ गोष्ट. कोळसा कंपनीची माणसं आली होती. तीन पायांच्या पितळी यंत्रातून एक डोळा मिटून बघत होती. खेचरं ओढा ओलांडतात ना, त्या जागी त्यांनी खुंटी ठोकली आणि मला म्हणाली, "म्हातारे, तुझी शीव इथे संपली."

मी म्हटलं, "अरे बाबांनो, माझं घर याच्या वर, झरा याच्या वर, थडगी याच्या वर."

त्यांतला पोरगेला म्हणतो कसा, "थडग्यांची काय काळजी, बाई? ती कुठे पळून जातात?"

म्हटलं, "ती पळत नाहीत, म्हणून तर मी इथे राहिले."

घरातला जुना कागद तुला ठाऊक आहे. 'खोऱ्याच्या माथ्यावरच्या खुणेच्या झाडापर्यंत,' एवढंच त्यात आहे. कुठलं झाड ते परगण्याच्या कचेरीत शीवफेरीच्या दप्तरात होतं, आणि ती कचेरी जळाली. कशी जळाली ते देवाला माहीत, आणि देवाशिवाय आणखी दोघातिघांना. तू कायद्याच्या उंबऱ्यावर बसला आहेस, तर विचार तुझ्या वकिलाला. तुझे आईबाप त्या वरच्या मातीत आहेत, हे पीचसारखं विसरू नकोस.

त्यांतला यंत्रवाला व्हेस्टाबाईकडेच उतरला आहे. जेवायला, झोपायला तिथेच. पाद्र्याच्या घरी चार पैसे येतात, येऊ देत. (हेही लिही गं. थांबलीस का?)

तुझी आजी

*

कचेरीचं गाव
२० ऑक्टोबर १८९३

प्रिय आजी,

चुकलो. पीचचे दोन डबे टपालाच्या खेचरावर दिले आहेत. तोवर माझ्या नावाने जे बोलायचं ते बोलून घे.

मी आमच्या वकिलाला, लॉकरिजसाहेबांना, सगळं सांगितलं. ते म्हणतात, कंपनी खुंटी कुठेही ठोको, दप्तर जळालं असेल तर न्यायाधीश नवे पंच नेमतात आणि पुन्हा शीवफेरी होते. पंच आणि शेजारी हद्दीवरून चालत जातात, आणि जुन्या शीवफेरीत जो हजर होता त्याची साक्ष जागेवर लिहून घेतात. साहेबांनी अर्ज केला आहे. बर्फ वितळलं की मार्चअखेर, पानं फुटायच्या आत, पंच येतील.

जुन्या शीवफेरीला हजर असलेलं आता फक्त एक माणूस जिवंत आहे, आणि ते माणूस माझ्यावर कोंबड्यांचा खर्च लावतं आहे.

तेव्हा आजी, ते झाड कुठलं, कुठे, आणि खूण कुठल्या बाजूला आहे, हे लिहून पाठव. साहेब ते तुझ्या जबानीत घालतील. फार भला माणूस आहे. मला आपल्या टेबलाशी जेवायला बसवतो.

तुझा जेथ्रो

*

लॉरेल ओढा
१२ नोव्हेंबर १८९३

चि. जेथ्रो,

डबे पोचले. एक बेरीने दारातच संपवला, दुसरा तळावर घेऊन गेला. 'जेथ्रोला सांग, तो वकील झाला की मी त्याला फुकट वल्हवून नेईन,' म्हणाला. ओढ्यात कधी होडी चालली नाही, पण त्याला एवढाच विनोद येतो, तर मी हसते.

झाडाचं नाव मी लिहून देणार नाही.

रागावू नकोस, ऐक. शिवेच्या झाडाचं नाव झाडाखाली उभं राहून घ्यायचं असतं, सालीवर हात ठेवून, चार शेजाऱ्यांच्या देखत. घरात घ्यायचं नाही, चर्चमध्ये घ्यायचं नाही, कागदावर तर नाहीच. नाव सुटं झालं की ते कुणाच्याही मागे जातं. माझा बाप असं म्हणायचा, आणि त्याच्या आयुष्यात त्याची शीव कुणी वीतभर सरकवली नाही.

मी त्या फेरीला कशी गेले ते तुला कधी सांगितलं नाही. न्यायचं होतं माझ्या भावाला. तो तापाने फणफणला होता, म्हणून मला नेलं. पंच कुरकुरले, 'पोरीच्या पाठीवर लिहिलेलं टिकतं का?' बाप म्हणाला, 'हिच्या टिकेल, ही कुणाचं काही विसरत नाही.' झाडापाशी पोचलो की कुऱ्हाडीने खोडावर तीन घाव घालायचे, आणि मग पोराला झाडाशी उभं करून हिकरी झाडाच्या छडीने सडकायचं. चुकीबद्दल नाही रे. आठवणीबद्दल. मोठ्यांनी मरून जायचं असतं, पोराने लक्षात ठेवायचं असतं. आणि मारून झालं की त्याच हाताने तोंडात मेपलच्या साखरेची वडी घालायची. मी इतकी ओरडले की डोंगरावरचे कावळे उठले. मग वडी चघळत घरी आले आणि भावाला म्हटलं, तुझा ताप तुलाच लखलाभ, मला साखर मिळाली.

ते घाव आता बाहेरून दिसायचे नाहीत. जखमेवर कातडी चढावी तशी साल चढली आहे. नेमक्या जागी साल कापली तर आत तीन घाव जसेच्या तसे असतील. ती जागा माझ्या पाठीला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. झाड असेल आणि मी असेन तर शीव आहे. दोघांतलं एक गेलं तर खुंटी आहे.

डुकरं मारून झाली. मांस धुरावर टांगलं आहे. व्हेस्टाबाईचं अक्षर सुंदर आहे ना? कानही तितकेच चांगले आहेत. (लिही, लिही. तुझं कौतुकच करते आहे.)

आजी

*

कचेरीचं गाव
३ डिसेंबर १८९३

प्रिय आजी,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. स्वतःच्या पाठीवर हात फिरवून पाहिला.

पण आता मला कठोर लिहावं लागतं आहे. लॉकरिजसाहेबांनी आज मला समोर बसवून विचारलं, "तुझी आजी मार्चपर्यंत टिकली नाही तर?" ते म्हणाले, "तर तिच्याबरोबर झाड जाईल, घर जाईल, थडगी जातील. कंपनी त्या मातीतून रूळ टाकून कोळशाच्या वाघिणी नेईल." तुला खोकला झाल्याचं बेरीकाकाने तळावरच्या माणसाकडून कळवलं. तू मात्र मला डुकरांचं कळवतेस.

लिहून दिलेली जबानी तू नसतानाही बोलेल. तुझ्या बापाची रीत चांगली होती, पण तेव्हा कंपनी नव्हती. नाव साहेबांशिवाय कुणाच्या कानावर जाणार नाही, माझी शपथ. आजी, मी तुझ्या पाया पडतो. आईबाबांची थडगी तुझ्या हट्टापायी जाऊ देऊ नकोस.

जेथ्रो

*

लॉरेल ओढा
१८ डिसेंबर १८९३

चि. जेथ्रो,

खोकला आहे. म्हातारीला खोकला नसेल तर लोक विचारतात, काय गं, बरी आहेस ना? तेव्हा त्याचं एवढं मनावर घेऊ नकोस.

तुझं शेवटचं वाक्य व्हेस्टाबाईने मला वाचून दाखवलं आणि मग उगाच चुलीकडे बघत बसली. मग म्हटलं, लिही.

घे, झाड घे. डाव्या हाताच्या खोऱ्यात वर गेलास की मिठाचा खडक लागतो, जिथे हरणं चाटायला येतात. त्याच्या मागे मोठा काळा अक्रोड आहे. तेच झाड. घाव उगवतीच्या अंगाला, माणसाच्या छातीइतके वर. व्हेस्टाबाई, नीट मोठ्या अक्षरात लिही, कुणालाही वाचता येईल असं.

झालं तुझ्या मनासारखं? आता जुन्या नाताळाला, सहा जानेवारीला, ये. बेरी येणार आहे. सुकवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक करते आहे. तुझा थर मी जरा जाड ठेवेन, तोंड बंद राहावं म्हणून.

आजी

*

कचेरीचं गाव
२८ डिसेंबर १८९३

प्रिय आजी,

तू माझ्या उरावरचा धोंडा काढलास. साहेबांनी जबानी लिहून घेतली, मला खांद्यावर थोपटलं. नाताळाला येता येत नाही, काम फार आहे. केकचा माझा थर बेरीकाकासाठी राखून ठेव. तोही बहुतेक येणार नाही, त्याची वाट पाहू नकोस. तळावर काम आहे असं समज.

झाडाची चिंता सोड. मी बंदोबस्त केला आहे. काय ते विचारू नकोस, सांगितलं तर तू झोपणार नाहीस. मार्चपर्यंत त्या झाडाच्या केसाला धक्का लागणार नाही एवढं खरं.

काकाला पीचचे डबे परस्पर पाठवले आहेत.

तुझा जेथ्रो

*

लॉरेल ओढा
२९ जानेवारी १८९४

जेथ्रो,

हे पत्र मी, व्हेस्टा, माझ्या मनाने लिहिते आहे. तुझी आजी काही सांगत नाही.

तुझा बेरीकाका गेला. शनिवारी सकाळी डाव्या खोऱ्यात, मिठाच्या खडकापाशी, तळावरच्या माणसांना सापडला. छातीत गोळी लागली होती. खडकामागचा मोठा अक्रोड तोडून पाडला होता आणि बुंध्याला रॉकेल ओतून आग लावली होती. बर्फावर खेचरांचे आणि माणसांचे पाय होते. कुणाचे ते कुणी ओळखत नाही. फौजदार आला, बुंध्याकडे पाहिलं आणि म्हणाला, शिकाऱ्याची गोळी चुकली असावी. शिकारी झाडं जाळतात का, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. फौजदाराला घाई होती.

तळावरची माणसं सांगतात, तुझा निरोप आल्यापासून तो बंदूक घेऊन त्या झाडाखालीच बसायचा. खडकाआड फांद्यांचा आडोसा केला होता. तिथे पीचचा रिकामा डबा होता, आणि एक न फोडलेला.

मी आणि आजींनी त्याला आंघोळ घातली. अक्रोडाखाली सापडला असं मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "व्हेस्टा, तू कुणाला बोललीस?" मी लेकरांची शपथ घेतली. मी बोलले नाही, जेथ्रो. यंत्रवाल्याला नाही, नवऱ्यालाही नाही. त्यावर त्या खाली बसल्या आणि तेव्हापासून बोललेल्या नाहीत. तू ये.

व्हेस्टा

*

कचेरीचं गाव
१० फेब्रुवारी १८९४

आजी,

पाणी चढलं होतं, वाटा बंद होत्या, असं लिहिणार होतो. पाणी चढलं होतं हे खरं आहे. पण मी निघालोच नव्हतो.

मीच त्याला बसवलं तिथे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी तळावर निरोप पाठवला की डाव्या खोऱ्यातल्या अक्रोडावर नजर ठेव, पंच येईपर्यंत हलू नकोस, आणि आजीला सांगू नकोस, ती घाबरेल. त्याने का म्हणूनही विचारलं नाही. 'बसतो,' एवढाच उलटा निरोप आला.

व्हेस्टाबाईंना दोष देऊ नकोस. झाडाचं नाव मी एकाच माणसाला सांगितलं. परवा त्याच्या खोलीत कंपनीचा मुखत्यार बसला होता, आणि लॉकरिजसाहेब त्याला माझ्या खुर्चीवर बसवून माझ्याकडून पेले मागवत होते. मी त्यांना अक्रोडाचं विचारलं. ते म्हणाले, "पोरा, झाडं पडतच असतात." मी पेले तिथेच ठेवले आणि निघालो. आता घोड्यांच्या तबेल्यात झोपतो.

झाड गेलं. शीव गेली. काका गेला, आणि ज्यासाठी गेला तेही वाचलं नाही. तू सांगत होतीस, नाव सुटं झालं की कुणाच्याही मागे जातं. मी तुझ्या पाया पडून ते सोडवून घेतलं. आता कुठलं तोंड घेऊन वर येऊ?

जेथ्रो

*

लॉरेल ओढा
४ मार्च १८९४

चि. जेथ्रो,

जे तोंड आहे तेच घेऊन ये. दुसरं कुणी देणार नाही.

हे व्हेस्टाच लिहिते आहे. तिची माफी मी मागितली, ती कागदावर नको. रडून कागद भिजवू नकोस असं तिला बजावलं आहे, पुन्हा लिहायला अंडी उरलेली नाहीत.

आता ऐक, आणि बसून ऐक. तो अक्रोड शिवेचा कधीच नव्हता. त्याच्याखाली मी कधी मार खाल्ला नाही.

मला वाटलं होतं, नाव इथूनच फुटणार, व्हेस्टाच्या टेबलावरून, यंत्रवाल्याच्या ताटापाशी. म्हणून मी खोटं नाव दिलं. कंपनीची माणसं जातील, भलतंच झाड तोडतील, आणि मी इथे केक खात हसेन. इतकी सोपी गंमत होती. तुला सांगितलं असतं तर तू ते वकिलाला सांगितलं असतंस, म्हणून तुलाही नाही सांगितलं. आणि मी झोपणार नाही म्हणून तू मला नाही सांगितलंस. आपण दोघांनी एकमेकांची इतकी काळजी घेतली, जेथ्रो, की मध्ये बसलेल्याला कुणी काही सांगितलंच नाही. त्याने एकदा जरी मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, ऊठ रे बाबा तिथून, ते नुसतं अक्रोडाचं झाड आहे. पण तू नको म्हणालास, म्हणून नाही विचारलं. तो असाच होता. सांगितलं की बसायचा.

वकिलाने विकलं हे खरं. गोळी कंपनीच्या माणसाने घातली हेही खरं. ते नरकात जातील की नाही ते त्यांच्या पाद्र्याला विचारू देत. पण आमिष मी लावलं होतं, आणि त्यावर त्याला तू नेऊन बसवलंस. याची वाटणी करत बसू नकोस. दोघांना पुरून उरेल.

त्याला वरच पुरला, तुझ्या आईबापांच्या शेजारी. खड्डा खणताना कंपनीचा माणूस येऊन उभा राहिला. जमीन वादात आहे, इथे खणता येणार नाही, म्हणाला. आपल्या पाद्र्याने दुसरं फावडं त्याच्या हातात दिलं. "उभेच आहात, तर माती लोटा." त्याने लोटली. मग टोपी काढली आणि खाली निघून गेला. यंत्रवाल्याची वळकटी व्हेस्टाने त्याच दिवशी अंगणात ठेवली.

आता कामाचं. खरं झाड उभं आहे. मी काल काठी टेकत गेले आणि दुरूनच बघून आले, उगाच कुणाच्या नजरेला नको. कुठलं, ते याही पत्रात नाही. या महिन्याच्या शेवटी पंच येतील तेव्हा मी त्यांना तिथे नेईन. चालवलं नाही तर खुर्चीत बसवून चौघे उचलतील. मी सालीवर हात ठेवेन, ते कापतील, आत तीन घाव निघतील. घर राहील, झरा राहील. थडग्यांत एक जास्त, ती सगळी राहतील.

पण मग त्या झाडापाशी नवं पोर उभं करावं लागेल, कारण मी काही फार दिवस पुरत नाही. घरात आता लहान म्हणजे तूच. मिशा आल्या म्हणून सुटका नाही. मी हिकरीची छडी तोडून झऱ्यात भिजत घातली आहे, चिवट व्हावी म्हणून. पंच म्हणतील पुरे, तरी मी थांबणार नाही, आणि तूही थांब म्हणू नकोस. मी मेल्यावर तुला ती जागा आठवली पाहिजे. कशासाठी काय गेलं, तेही.

तेव्हा तू ये, आणि सामान टपालाच्या खेचरावर पुढे पाठव. पंचांना जेवण आपल्याकडे असतं, म्हणून न भाजलेली कॉफी आणि गव्हाचं पांढरं पीठ. पीच नकोत. दर वर्षी याच दिवसांत मेपलच्या झाडांना भोकं पाडून रस काढायचा तो बेरी. यंदा झाडं तशीच उभी राहिली, रस कुणी काढला नाही, घरात साखर नाही. आणि मारून झाल्यावर तोंडात साखर लागतेच, नाहीतर पुढे सगळं आयुष्य नुसता मारच आठवतो. म्हणून मेपलच्या साखरेच्या दोन वड्या पाठव. एक तुला, एक मला.